परड्यातला मका

माझे यजमान नोकरीतून निवृत्त होऊन कायमचे गावी आले, त्या पावसाळ्यात मी मका उगवताना पहिल्यांदा पाहिला.

मका कधी खाल्ला नव्हता असं नाही. पावसाळ्यात चिपळूणला बाजाराला गेलं की स्टँडबाहेर गाड्यांवर कणसं भाजत असतातच. पण तो मका घाटावरून टेम्पोत भरून येणारा. आमची वाडी सावर्ड्याहून आत, डोंगराच्या अंगाला. इथे पावसाळा म्हणजे भात आणि डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीवर नाचणी. घरामागच्या परड्यात काकडी, पडवळ, दोडकी. त्यापलीकडे कोणी काही लावत नाही, आणि मलाही कधी लावावंसं वाटलं नव्हतं.

ह्यांची सगळी नोकरी मुंबईत, एका छापखान्यात झाली. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत ते राहायचे. मी इथे शेती, गुरं, सासूबाई आणि मुलगी सांभाळत राहिले. शिमग्याला आणि गणपतीला ते यायचे. चार दिवस घरात वर्दळ असायची, मग ते गेले की मी पुन्हा माझ्या कामाला. आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला माणसं एकत्र तरी राहावी लागतात.

म्हणून ते कायमचे आले तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखं झालं. पडवीत खुर्चीवर बसून असायचे. मी चहा नेऊन दिला की म्हणायचे, "कशाला त्रास घेतलास?" कपबशी स्वतः विसळून ठेवायचे. स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकत नसत. मी काय शिजवते ते कधी विचारलं नाही, वाढलं ते निमूट खाल्लं. मला वाटायचं, ह्या माणसाला जेवणात काही रस नाही.

पाऊस तोंडावर आला होता, तेव्हा एक दिवस ते चिपळूणहून बियाण्याची पुडी घेऊन आले.

"काय आणलंत?" मी विचारलं.

"मका."

"मका? अहो, इथला पाऊस विसरलात काय? कुजून जाईल तो."

"परडं उताराचं आहे. मधे चर काढले की पाणी थांबायचं नाही."

"आणि चर कोण काढणार?"

"मी," ते म्हणाले. "लग्नाआधी कुदळ धरायचो मी. तू आल्यावर सुटली."

त्यांनी खरंच चर काढले. कातळाचा लालसर चुरा मिसळलेली ती जमीन. दोन घाव घालायचे आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे. मी पडवीतून बघायचे, पण मदतीला गेले नाही. खरं सांगायचं तर हा उद्योग आठवडाभरात बंद पडेल असं मला वाटत होतं. शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "वयनी, भावोजींनी माकडांना आवतण दिलंय गो! तुमच्या तोंडात एक दाणा पडायचा नाय."

पुढे लावणी सुरू झाली आणि मला वर मान करायला फुरसत राहिली नाही. दिवसभर चिखलात वाकून असायची. परड्यात काय चाललंय ते मी बघतच नव्हते. लावणी आटपल्यावर एका सकाळी काकडीचा वेल बघायला म्हणून मागच्या दाराने बाहेर पडले, आणि जागच्या जागी थांबले.

मका माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

आयुष्यभर मी भात लावला. भात कंबरेला लागतो, फार तर त्याच्या थोडा वर जातो. आपण त्याच्याकडे वरून बघायचं असतं. इथे मला मान वर करून बघावं लागत होतं. रुंद, लांब पानं, मधोमध पांढरी शीर, आणि पावसाचे थेंब त्यावर पडताना होणारा आवाज. भातावर पाऊस पडतो तेव्हा नुसती कुजबुज असते. मक्यावर तो ताशासारखा वाजत होता. मी दोन ओळींच्या मधे शिरले. आत हिरवा उजेड होता आणि कच्च्या दुधासारखा गोडसर वास. दीड-दोन महिन्यांपूर्वी ह्या जागी मुठीत मावणारे दाणे टाकले होते. ते एवढं सगळं कुठून घेऊन आले, हे मला कळेना.

हे ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. मला बघून जरा संकोचले. "बरा आलाय, नाही?" म्हणाले.

"बरा?" मी म्हटलं. "अहो, हा बरा?"

त्या दिवसापासून मी रोज परड्यात जायला लागले.

मग वादळी वाऱ्याचा पाऊस झाला. सकाळी बघतो तर अर्धा मका आडवा पडलेला. मला भातावरून ठाऊक होतं, आडवं झालेलं पीक उठत नाही. हे सुंभ आणि बांबूच्या काठ्या घेऊन मक्याचं एकेक ताट उचलून बांधायला लागले. मीही दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत निम्मीच बांधून झाली. बाकीची राहू दिली, काय व्हायचं ते होवो म्हणून.

दोन-तीन दिवसांनी बघितलं तर न बांधलेली ताटंही कोपरात वाकून वर उठलेली! जमिनीलगत आडवं, आणि मग वळण घेऊन सरळ आभाळाकडे. खालच्या पेरांमधून जाड, तांबूस मुळं बाहेर फुटली होती आणि तंबूच्या दोरांसारखी चारी बाजूंनी जमिनीत रुतली होती. मी खाली बसून एका मुळावर बोट फिरवलं. ताठ, दगडासारखं घट्ट.

"ह्याला कोणी सांगितलं असेल असं करायला?" मी विचारलं.

हे माझ्या शेजारी उकिडवे बसले. "मीही तोच विचार करत होतो," म्हणाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो असं मला आठवत नाही.

शेंड्यांवर तुरे आले, कणसांना रेशमासारखे केस फुटले. पोरीच्या जन्मानंतर तिचं जावळ बघायचे तशी मी ते केस बघायचे. आधी पोपटी, मग गुलाबी. पण पहिलं कणीस सोलून बघितलं आणि मन खट्टू झालं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात दात असावेत तसा इथे एक, तिथे एक दाणा. बाकी सगळं बोडकं.

आमची मुलगी लोट्याला असते. जावई तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जातो. तिला ह्यांनी फोन करून सांगितलं. तिने मोबाइलवर कुठेतरी शोधलं आणि संध्याकाळी फोन केला.

"बाबा, वरच्या तुऱ्यातली पिवळी भुकटी त्या केसांवर पडावी लागते. तुमच्याकडे पाऊस ती धुऊन टाकतोय. आणि ऐका, प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो म्हणे. केसाला भुकटी लागली नाही की तो दाणा भरतच नाही."

फोन लाउडस्पीकरवर होता. मी म्हटलं, "काहीतरीच."

"खरंच गं आई. बघ हवं तर सोलून."

हे परड्यात गेले आणि एक कोवळं कणीस घेऊन आले. पडवीत उजेडाला बसून त्यांनी ते इतक्या हळू सोललं की एक केस तुटला नाही. मग ते सुपात ठेवलं. मी चष्मा लावला. कणसावर बारीक मोत्यांसारखे पांढरे ठिपके ओळीने बसलेले होते आणि खरंच, प्रत्येक ठिपक्यातून एक केस निघाला होता. खालच्या दाण्याचा केस सगळ्यात लांब. तो सगळ्या कणसाच्या अंगावरून प्रवास करत शेंड्यातून बाहेर पडलेला. मी सुईच्या टोकाने एक केस उचलला आणि त्याच्या मागे मागे गेले. तो एका दाण्यापाशी जाऊन थांबला. दुसरा उचलला. तोही.

भाताचं फूल मी ओळखते. भात फुलोऱ्यात आला की सकाळी खाचरात एक मंद वास येतो, त्या वेळी शेतात शिरायचं नाही असं सासूबाई सांगायच्या. पण हे काही वेगळंच होतं. आंधळ्या दाण्याने आतून बाहेर एक हात काढलेला, कोणीतरी वरून काही टाकेल म्हणून. आणि आपण असं कणीस घेतो, ते केस मुठीने ओरबाडून फेकून देतो.

आम्ही एकेक केस उचलून बघत बसलो. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून आमचं एक नवीनच काम सुरू झालं. पावसाने उघडीप दिली की हे तुरा कापून आणायचे आणि केसांवर हलकेच झटकायचे. उघडीप मिळेना तेव्हा मी कणसावर छत्री धरायची आणि ते छत्रीखाली तुरा झटकायचे. त्यांच्या खांद्यावर पिवळी भुकटी पडायची, माझा पदर भिजून चिंब व्हायचा. जाऊ कुंपणापलीकडून बघून हसून हसून बेजार झाली. "वयनी, मक्याला छत्री! उद्या बंडी शिवा त्याला!" पण दोन दिवसांनी तीच कुंपण ओलांडून आली आणि म्हणाली, "दाखवा बघू त्ये केस." तिला दाखवलं. मग तिनेही छत्री आणली.

कणसं भरायला लागली. वरून चाचपलं की सालीखाली दाण्यांची रांग हाताला लागायची. आणि मग जावेने सांगितलं होतं तसंच झालं, माकडं आली.

दुपारची वेळ होती. आम्ही दोघं आळीपाळीने राखण करायचो, त्या वेळी दोघंही मागच्या पायरीवर होतो. मी थाळी वाजवायला उचलली, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. ती बघ."

आमच्यापासून अंगणभर अंतरावर एक माकडीण बसली होती. पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिने कणीस मोडून घेतलं होतं आणि ती ते सोलत होती. एकेक साल वरून खाली ओढून, बाजूला टाकून. आम्ही सोलतो अगदी तसं. केस आले तेव्हा तिने ते बोटांनी वेचून काढले. पिल्लाने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे लक्ष न देता आधी स्वतः दोन दाणे खाल्ले, चावून पाहिले, आणि मग कणीस त्याच्या तोंडाशी धरलं. मी थाळी हातात धरून तशीच उभी राहिले. आपलं हातचं पीक चाललंय हे दिसत होतं, आणि हात हलत नव्हता.

कौलावरून बाकीची टोळी उतरली तेव्हा मी भानावर आले. थाळी बडवली, हे काठी घेऊन धावले, जाऊ ओरडत आली, कुत्रा भुंकला. सगळं शांत झालं तेव्हा दोन ओळी साफ झालेल्या होत्या. मोडलेली ताटं, अर्धी खाल्लेली कणसं, सगळीकडे सालीच साली.

मला रडू आलं. एरवी भाताचं नुकसान झालं तरी मी रडत नाही.

हे पायरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "उरलंय ते वाट बघत ठेवायचं नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सगळं काढू. मुंबईची माणसंही असतील. अख्ख्या वाडीला खायला घालू."

"एवढ्यांना पुरेल काय?"

"पुरवू. निरनिराळं करू. मी बघतो."

'मी बघतो' म्हणजे चूल पेटवायला लाकडं आणून देतील, असा मी अर्थ घेतला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पावसाने विश्रांती घेतली होती. आदल्या रात्रीच मुलगी आली होती. सकाळी आम्ही तिघांनी कणसं काढली आणि अंगणात हिरवा ढीग रचला. मी माझं ठरवून ठेवलं होतं. हळदीच्या पानात आपण पातोळ्या करतो, तसं काही तरी मक्याचं करायचं. कोवळी कणसं किसली, पांढरं दूध गळायला लागलं. त्यात तांदळाचं पीठ, ओला नारळ आणि गूळ घातला आणि मक्याच्याच हिरव्या सालीत गुंडाळून मोदकपात्रात उकडायला ठेवलं. वाफ आली तसा घरभर असा वास सुटला की मुलगी झाकण उघडून उघडून बघायला लागली.

मागे वळून पाहिलं तर हे स्वयंपाकघरात उभे. बाह्या दुमडलेल्या.

"पातेलं कुठलं घेऊ?" त्यांनी विचारलं. "मोठं हवं."

मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी पातेलं घेतलं, कोयता घेतला आणि मागच्या पायरीवर बसून कणसांच्या चकत्या पाडायला लागले. एक घाव, एक चकती, सगळ्या सारख्या. मग लसूण ठेचला. नारळ फोडला, खवला, दूध काढलं, पहिलं वेगळं, दुसरं वेगळं. सुकट भाजली, पाखडली, धुतली. मी आणि मुलगी हातातलं काम सोडून बघत राहिलो. कुठेही हात चाचपडत नव्हता. तेल किती तापलं ते त्यांनी वरून तळहात धरून पाहिलं.

"मसाल्याचा डबा?" ते म्हणाले.

मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि हसले. "हाच."

"हाच म्हणजे?"

"तू दर वर्षी मे महिन्यात पाठवायचीस तो. आमच्या खोलीत माझ्या स्वयंपाकाच्या पाळीच्या दिवशी सगळे लवकर घरी यायचे. म्हणायचे, आज तुझ्या घरचा मसाला. पावसाळ्यात खाली एक म्हातारबाबा शेगडीवर कणसं भाजायचे. उरलेली कणसं मला द्यायचे. त्या कणसांचं हे असं कालवण मी करायचो."

मी दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवायचे, कांडायचे, डबा भरून गावच्या कोणाबरोबर तरी पाठवायचे. तो तिथे पोचला की माझं काम संपलं असं मी धरून चालले होते. जेवण कोणी तरी करत असेल, खानावळ असेल, असं काहीतरी डोक्यात होतं. विचारायचं सुचलंच नाही. माझा मसाला कुठल्या तरी लहानशा खोलीत उकळत होता, दमून आलेली माणसं त्याची वाट बघत होती, आणि ते शिजवणारा हात हा होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. ह्या माणसाबद्दल आपल्याला किती कमी ठाऊक आहे, हे मला त्या वेळी कळलं, पण त्याचं वाईट वाटलं नाही, नवल वाटलं.

दुपार कलली तशी वाडी जमली. अंगणात करवंट्यांचे आणि काजूच्या लाकडाचे निखारे केले होते. पोरांनी कणसं भाजायला घेतली. लिंबू नव्हतं, म्हणून मी कोकमाच्या आगळात मीठ आणि ठेचलेली मिरची कालवली. सालीचाच कुंचला करून ते कणसांवर फासलं. आंबट, खारट, तिखट, खाली जळका गोडवा. मुंबईहून आलेली एक सून म्हणाली, "काकू, ह्याच्यापुढे आमच्याकडचं लिंबू काहीच नाही." काही कणसं ह्यांनी सालीसकट गरम राखेत पुरली होती. ती उकरून काढली, वरची काळी साल सोलली, आणि आतून भाताच्या पेजेसारखी वाफ निघाली. दाणे मऊ, धुराचा नुसता स्पर्श झालेले. जावेने हळदीची पानं आणि मीठ घालून हंडाभर कणसं उकडली होती. ती हातात धरवत नव्हती इतकी गरम, पण कोणी थांबत नव्हतं.

पहिली पाळी संपवून जावई कंपनीच्या बसने हायवेवर उतरला आणि तसाच चालत आला. हातात कणीस मिळाल्यावर उभ्या उभ्याच खायला लागला. वाडीतले एक आजोबा, दात नसलेले, बाजूला बसून होते. मुलीने त्यांना माझ्या पातोळ्या नेऊन दिल्या. त्यांनी साल उलगडली, एक घास तोंडात ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिले. कोणीतरी विचारलं, "कसं झालंय आजोबा?" त्यांनी हाताने गप्प राहा अशी खूण केली.

मग ह्यांनी पातेलं अंगणात आणलं. लाल रस्सा, वर नारळाच्या दुधाची तकाकी, मधे सोनेरी चकत्या. वाढायला मी उठले तर म्हणाले, "बस तू."

"मी?"

"बस म्हणतो ना. पाट घे."

मी बसले. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं आणि समोर उभे राहिले. आयुष्यात मला माहेर सोडल्यावर कोणी बसवून पहिलं वाढलं नव्हतं. सगळी वाडी आपापलं खात होती, तरी मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघतायत. मी चकती उचलली, कडेने दाणे चावले, आतला रस चोखला. सुकटीचा खारा वास, माझाच मसाला, आणि त्याच्या खाली मक्याचा तो गोडवा. मला ओळखीचं होतं आणि अगदी अनोळखीही.

"मीठ बरोबर आहे?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यात कधी न आलेलं काहीतरी त्या प्रश्नात होतं. ते खरंच काळजीने विचारत होते.

"थोडं आणखी वाढा," मी म्हटलं.

जाऊ पलीकडून ओरडली, "भावोजी, ह्यो रस्सा शिकवा आमच्या ह्यांना!" सगळे हसले. हेही हसले आणि मग वाढत वाढत ओळीच्या शेवटापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी मुंबईची माणसं निघाली. प्रत्येकाच्या पिशवीत मुलीने एकेक कणीस टाकलं. ताटं कापून म्हशीला घातली. एवढ्या गोड वैरणीची सवय नसल्याने ती आधी नुसती हुंगत राहिली, मग मान खाली घालून जे खायला लागली ते संपेपर्यंत वर बघितलं नाही. परडं मोकळं झालं. मला तिकडे बघवेना, इतकं ते रिकामं वाटत होतं.

त्यानंतर एकदा अवेळी ताप येऊन मी दोन दिवस पडून होते. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला, मग थाळी ठेवल्याचा. मी उठायला गेले तर मला बघायला आलेली मुलगी म्हणाली, "पडून राहा. बाबा करतायत." मी पडून राहिले. भिंतीपलीकडे पळी फिरत होती, आणि मी तो आवाज ऐकत होते, कसली तरी मोठी गोष्ट घडत असावी तसा.